आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

सध्या आपल्याकडच्या कॉलेजांत एका नव्या कार्यशाळेची साथ आली आहे : 'एआयच्या मदतीने संशोधन प्रस्ताव कसा लिहावा'. दीपप्रज्वलन होते, पाहुण्यांना शाल-श्रीफळ दिले जाते आणि मग बाहेरून आलेले तज्ज्ञ पडद्यावर दाखवतात, की यंत्राला दोन ओळी सांगितल्या की वीस पानांचा प्रस्ताव पाच मिनिटांत कसा हजर होतो. टाळ्या, प्रमाणपत्रे, फोटो. त्याच वेळी स्टाफरूमच्या कोपऱ्यात ज्येष्ठांचा एक गट बसलेला असतो. तो म्हणतो, ही शुद्ध चोरी आहे, यावर बंदीच हवी.

मला या दोघांशीही भांडायचे आहे. पहिल्याशी जास्त, पण दुसऱ्याला सोडून नव्हे. कारण दोघेही भाषेबद्दल बोलताहेत, आणि सरकार संशोधनाला पैसे देते ते भाषेसाठी नव्हे. निदान देऊ नयेत. पैसे द्यायचे असतात प्रश्नासाठी.

ज्यांनी असा प्रस्ताव कधी लिहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. विज्ञान संशोधनासाठी पूर्वी सर्ब नावाचे मंडळ होते, २००८ च्या कायद्याने आलेले. २०२३ च्या कायद्याने त्याच्या जागी अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आले. समाजशास्त्रांसाठी आयसीएसएसआर, इतिहासासाठी आयसीएचआर. ठरलेल्या तारखेच्या आत अर्ज करायचा. तुमचा प्रश्न काय, आधी कोणी काय केले आहे, तुम्ही काय करणार, कसे करणार, किती वर्षांत, किती पैशांत, आणि त्यातून समाजाला काय मिळणार, हे सगळे लिहायचे. त्या विषयातले तज्ज्ञ ते वाचतात, मत देतात आणि थोड्यांना पैसे मिळतात, बाकीचे बाद होतात. आपला देश संशोधनावर एकूण राष्ट्रीय उत्पादनाच्या पाऊण टक्काही खर्च करत नाही. सरकारी आकडाच २०२०-२१ साठी ०.६४ टक्के आहे. ताटात भात इतका कमी आणि पंगत इतकी मोठी म्हटल्यावर स्पर्धा होणारच.

आता यात गोम अशी, की या प्रस्तावांची एक वेगळी इंग्रजी असते. ती शेक्सपिअरची नव्हे आणि प्रयोगशाळेचीही नव्हे. 'रोबस्ट', 'होलिस्टिक', 'स्केलेबल', 'ट्रान्सफॉर्मेटिव्ह' हे तिचे अलंकार. ती कुठल्याही पुस्तकातून शिकता येत नाही. मोठ्या संस्थेत मोठ्या मार्गदर्शकाच्या हाताखाली चार-पाच वर्षे काढली की ती अंगात भिनते. ज्याच्या अंगात ती भिनलेली आहे त्याला परीक्षक पहिल्याच परिच्छेदात 'आपला माणूस' म्हणून ओळखतो. बाकीच्यांचा अर्ज तिथेच अर्धा मेलेला असतो.

मी मराठीचा माणूस. तरी 'सर, जरा भाषेच्या अंगाने बघून द्या' म्हणून असे प्रस्ताव वर्षानुवर्षे माझ्याकडे येत आले आहेत. त्यांतला एक मला विसरता येत नाही. सत्तरीच्या बाजूचा एक तरुण प्राध्यापक होता, गावच्या मराठी प्राथमिक शाळेतून पुढे आलेला. देवरायांमधले झाड अन् झाड त्याला ठाऊक, त्यांची गावठी नावे ठाऊक, कोणते झाड कोणत्या देवाचे आणि ते तोडले तर गाव काय करते हेही ठाऊक. त्याचा प्रस्ताव परत आला. शेऱ्यात विषयाबद्दल एक अक्षर नव्हते. भाषा आणि मांडणी सुधारावी, एवढेच. त्याने पुन्हा अर्ज केला नाही. ज्या कार्यालयाने तो परत पाठवला त्याचे नाव घेण्यात अर्थ नाही, कारण असे शेरे एकाच कार्यालयातून येतात असे नव्हे.

तर ज्येष्ठ मंडळींना माझा पहिला सवाल. या मुलाने आज यंत्राकडून आपले इंग्रजी नीट करून घेतले तर तुम्ही त्याला चोर म्हणणार? तुमचे प्रस्ताव तुमच्या अमेरिकेतल्या मित्राने वाचून सुधारून दिले, तेव्हा ती चोरी नव्हती? पैसे मोजून अहवाल आणि प्रस्ताव लिहून देणारे सल्लागार काय काल जन्माला आले? ज्याच्याकडे मित्र आणि पैसा होता त्याला ही मदत कायम मिळत होती. ज्याच्याकडे दोन्ही नव्हते त्याला ती आता फुकट मिळू लागली, आणि नेमके आताच नीतिमत्ता आठवली!

शिवाय बंदी घालून पकडणार कसे? मजकूर यंत्राने लिहिलाय की माणसाने, हे ओळखणारी म्हणून जी साधने मिळतात त्यांची २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी परीक्षा घेतली. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेले टोफेलचे निबंध त्यांनी या साधनांना दिले. निम्म्याहून जास्त वेळा साधनांनी सांगितले, हे यंत्राने लिहिले आहे! कारण साधे शब्द, छोटी वाक्ये, तीच तीच रचना. म्हणजे तुमच्या बंदीत पहिला अडकणार तो सत्तरीचा मुलगाच, आणि तेही त्याने यंत्राला हात लावलेला नसताना. यंत्राचा मजकूर सफाईने फिरवून घेणारा अलगद सुटणार.

एवढे झाल्यावर आता कार्यशाळावाल्यांकडे वळतो. त्यांनी इतक्यात खूश होऊ नये.

अमेरिकेतली एनआयएच ही वैद्यकीय संशोधनाला पैसे देणारी प्रचंड सरकारी संस्था. जुलै २०२५ मध्ये तिने एक सूचना काढली. एका मुख्य संशोधकाने एकाच फेरीत चाळीसहून जास्त वेगवेगळे अर्ज टाकल्याचे तिच्या लक्षात आले होते. चाळीस! चाळीस वेगळे प्रश्न एका माणसाच्या डोक्यात एका वेळी असू शकतात का? प्रश्न नव्हतेच, अर्ज होते. मग संस्थेने नियम केला, की २५ सप्टेंबर २०२५ पासून एका संशोधकाला वर्षात सहाच अर्ज करता येतील, आणि जे अर्ज मुख्यतः यंत्राने तयार केलेले आहेत ते अर्जदाराची स्वतःची कल्पना मानले जाणार नाहीत. नियमाचा शब्द बघा. 'भाषा' नाही म्हटले, 'कल्पना' म्हटले. दुखणे कुठे आहे ते त्यांना कळले आहे.

आपल्याकडे मात्र कार्यशाळेत शिकवतात ते नेमके उलटे. 'यंत्राला विचारा, सध्या कोणत्या विषयाला पैसे मिळतात. मग त्याच्याकडून पाच शीर्षके घ्या. एक निवडा. उद्दिष्टे मागा. पद्धत मागा. संदर्भ मागा.' यात संशोधक कुठे आहे? तो फक्त सही करायला आहे. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, असे आपली म्हातारी माणसे म्हणत. इथे तर आड खणायचेच राहून गेले आहे आणि पोहरा मात्र सोन्याचा आणला आहे.

उदाहरण आपल्या पायाखालचेच घेऊ. खाजन शेती. भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेले चिखलमातीचे बांध, आणि त्या बांधांत बसवलेली मानस. मानशीच्या दारांची रचनाच अशी, की भरतीचे पाणी बाहेरून दाबू लागले की दार मिटते आणि ओहोटीला आतल्या पाण्याने ते उघडते. पावसाने जमिनीतला खार धुऊन निघाला की खारेपण सोसणारे कोरगुट भात लावायचे. गावकरीने, म्हणजे आपण जिला पुढे कोमुनिदाद म्हणू लागलो तिने, हा कारभार शतकानुशतके सांभाळला.

आता यंत्राला सांगा, 'गोव्याच्या खाजनांवर संशोधन प्रस्ताव लिही'. हवामान बदल येईल, समुद्राची वाढती पातळी येईल, लोकसहभाग, शाश्वत विकास, उपग्रहाची छायाचित्रे, सगळे येईल. त्यातले काही खोटेही नसेल. पण खाजनाकाठी जो राहतो त्याला छळणारा प्रश्न वेगळाच असतो. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होतो. लिलाव घेणाऱ्याला आत जास्त पाणी हवे, कारण जास्त पाणी म्हणजे जास्त मासळी. शेतकऱ्याला ते नको, कारण खारे पाणी चढले म्हणजे शेत गेले. मग रात्री मानशीचे दार कोण उघडे ठेवतो? लिलावाच्या अटी कोण लिहितो? बांध फुटला तर भुर्दंड कोणाच्या माथी? शेत पडीक पडले की तिथे खारफुटी वाढते. खारफुटीला कायद्याचे संरक्षण, म्हणजे ती तोडून पुन्हा शेत करता येत नाही. मग त्या शेतकऱ्याने काय करायचे? प्रश्न म्हणतात तो याला.

यावर कोणी म्हणेल, हे सगळे यंत्राला विचारा, तेही सांगेल. सांगेल की! वर्तमानपत्रांत आले, अहवालांत छापले, ते त्याने वाचलेले असणारच. पण विचारणार कोण? विचारायचे सुचायला आधी बांधावर उभे राहावे लागते, मानशीकडे जाळे लावून बसलेल्या माणसाशी बोलावे लागते, आणि तो खरे सांगेपर्यंत त्याच्याकडे तीन-चार खेपा माराव्या लागतात. यंत्र उत्तराला हुशार आहे. पण त्याला शेत नाही, त्याचे भात कधी बुडाले नाही. ज्याचे काहीच बुडत नाही त्याला प्रश्न पडायचे कारण नसते.

इथे मला आपल्याच माणसांची आठवण होते. सतराव्या शतकात डच ईस्ट इंडिया कंपनीचा मलबारचा अधिकारी हेन्ड्रिक व्हान रेडे याने त्या मुलखातल्या झाडापाल्यांवर मोठे काम उभे केले. 'होर्तुस मलाबारिकुस' नावाने त्याचे बारा खंड ॲमस्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात छापले गेले. आजच्या भाषेत बोलायचे तर साहेबाच्या पदराखाली चाललेला एक भला थोरला संशोधन प्रकल्प. ग्रंथ लॅटिनमध्ये, कारण लॅटिन ही तेव्हाच्या विद्वानांची 'ग्रँट इंग्रजी'. पण झाडे ओळखणारे कोण? इट्टी अच्युदन नावाचा मलयाळी वैद्य, आणि रंग भट, विनायक पंडित व आपु भट हे कोचीतले तीन कोकणी ब्राह्मण वैद्य, आपल्या मुलखातून तिकडे गेलेल्या समाजातले. आणि पहिल्या खंडात या वैद्यांची प्रशस्तिपत्रे त्यांच्या त्यांच्या भाषेत आणि लिपीत छापलेली आहेत. आपल्या तिघांचे नागरी लिपीत आहे. (ती कोकणी की मराठी हा वाद उकरून काढायला निघालेल्यांनी जरा दम धरावा, तो आजचा विषय नाही.) साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या साहेबाला एवढे कळत होते, की लॅटिन लिहिणारे पुष्कळ मिळतील, पण हे ज्ञान ज्यांचे आहे त्यांचा शब्द त्यांच्याच अक्षरांत पुस्तकात राहिला पाहिजे. त्याच्याही शंभरेक वर्षे आधी, १५६३ मध्ये, गार्सिया द ओर्ताने औषधांवरचा आपला ग्रंथ आपल्या गोव्यात छापला, तोही लॅटिन सोडून पोर्तुगीजमध्ये, म्हणजे आपल्या बोलण्याच्या भाषेत. आज आपण काय करतो? माहिती गावकऱ्याकडून घेतो, लॅटिन यंत्राकडून घेतो आणि नाव आपले घालतो. गावकरी शेवटच्या पानावर 'स्टेकहोल्डर' म्हणून उरतो.

दुसरी गोष्ट, यंत्राच्या खोटेपणाची. संदर्भ मागितला आणि नसला तर ते बनवून देते, अगदी लेखकाचे नाव, वर्ष, पान यांसकट. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने सुमारे चार लाख चाळीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मोजून डेलॉइटकडून एक अहवाल करून घेतला. त्यात अस्तित्वातच नसलेले संदर्भ आणि न्यायालयाच्या निकालातले एक बनावट अवतरण निघाले, आणि २०२५ मध्ये कंपनीला पैशांचा काही भाग परत करावा लागला. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत. आपल्याकडे कार्यशाळेचे प्रमाणपत्र घेऊन घरी गेलेल्या माणसाची काय होणार? शिवाय कंपनी पैसे परत करून मोकळी होते. प्राध्यापकाचे नाव मात्र कायमचे जाते.

आणि परीक्षकांचे काय? ऑस्ट्रेलियातच २०२३ मध्ये काही अर्जदारांना आपल्या प्रस्तावावरच्या परीक्षणाच्या शेवटी चॅटजीपीटीच्या पडद्यावरचे 'रीजनरेट रिस्पॉन्स' हे शब्द जसेच्या तसे सापडले. साहेबांनी पुसायचेही कष्ट घेतले नव्हते! त्यानंतर तिथल्या संशोधन परिषदेने परीक्षकांना यंत्र वापरायला बंदी केली. अमेरिकेच्या एनआयएचनेही त्याच वर्षी केली. ही बंदी मला शंभर टक्के मान्य आहे. दुसऱ्याची अप्रकाशित कल्पना परीक्षकाच्या हाती विश्वासाने दिलेली असते. ती बाहेरच्या यंत्राच्या पोटात टाकायचा त्याला अधिकार नाही. पण माणूस तरी किती वाचणार? अर्ज लिहायला पाच मिनिटे लागू लागली की अर्जांचा पूर येणार आणि वाचणारे तेवढेच राहणार. मग चोरून यंत्र येणारच. यंत्राने लिहायचे, यंत्राने वाचायचे आणि मध्ये तुम्ही-आम्ही कर भरायचा, असा हा व्यवहार होऊन बसेल.

यंत्र नव्हते तेव्हा सगळे छान चालले होते, असे मात्र कोणी म्हणू नये. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१२ सालच्या एका मोठ्या वैद्यकीय योजनेचा हिशेब मांडून २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. ३,७२७ अर्ज आले होते आणि ते लिहिण्यात सगळ्यांची मिळून सुमारे साडेपाचशे वर्षे गेली होती. पैसे मिळाले साधारण पाचातल्या एकाला. म्हणजे चारशेहून अधिक माणूस-वर्षे कागदावर अलंकार चढवण्यात गेली. ही वर्षे वाचवायला यंत्र आले तर मी त्याला शिव्या देणार नाही. पण मग सरळ अलंकारच मागणे बंद का करत नाही?

माझे म्हणणे एवढेच आहे. भाषा आता स्वस्त झाली. तिच्यावर माणूस जोखता येणार नाही. तेव्हा तिच्यावर जोखणे सोडून द्या आणि पुढील चार गोष्टी करा.

एक, पहिल्या फेरीत दोन पाने मागा. प्रश्न काय, तो तुम्हालाच का पडला, आणि उत्तर शोधायला तुम्ही कुठे जाणार. बस्स. ज्याचा प्रश्न टिकेल त्याच्याकडूनच पुढचे तपशील आणि खर्चाचा तक्ता घ्या.

दोन, उरलेल्यांना समोर बसवून अर्धा तास बोला, आणि ज्याला ज्या भाषेत बोलता येते त्या भाषेत बोलू द्या. नाहीतर लेखी इंग्रजीची जागा बोलण्याच्या इंग्रजीने घेतली, एवढाच फरक पडेल. ज्याने प्रश्न जगलेला आहे तो मराठीत, कोकणीत, मोडक्या हिंदीतही अर्धा तास तग धरतो. ज्याने तो यंत्राकडून आणला आहे तो दुसऱ्या उपप्रश्नालाच पाणी मागतो.

तीन, ज्या गावात संशोधन करणार त्या गावाच्या भाषेत प्रस्तावाचा सारांश सक्तीचा करा. आपल्याकडे मराठी किंवा कोकणी. आजवर 'भाषांतराला वेळ नाही, माणूस नाही' ही सबब होती. यंत्राने ती सबब काढून घेतली आहे. ते कच्चे भाषांतर करून देईल, तुम्ही नीट करा आणि गावकऱ्याला वाचायला द्या. आपल्या शेतावर कोण काय करणार आहे, हे त्याला आधी कळू द्या. यंत्राचा हा वापर मला मनापासून हवा आहे आणि नेमका तोच कोणत्याही कार्यशाळेत शिकवला जात नाही.

चार, शेवटी जे सारख्याच तोलाचे उरतील त्यांच्यात चिठ्ठ्या टाका. हसू नका. न्यूझीलंडची आरोग्य संशोधन परिषद आपल्या एका योजनेत २०१३ पासून हे करते आहे. स्वित्झर्लंडच्या विज्ञान प्रतिष्ठानने २०२१ मध्ये बरोबरीच्या अर्जांसाठी ही वाट धरली, ब्रिटिश अकॅडमीने २०२२ मध्ये छोट्या अनुदानांसाठी. दोन सारख्या अर्जांतून 'सुबक' अर्ज निवडण्यापेक्षा चिठ्ठी अधिक प्रामाणिक. निदान चिठ्ठीला कोणाचे आडनाव ओळखता येत नाही.

राहता राहिले आपले तरुण प्राध्यापक आणि पीएचडीची मुले. त्यांना माझे सांगणे असे, की यंत्र खुशाल वापरा, आणि वापरले तर तसे अर्जात उघड लिहा, त्यात लाजण्यासारखे काही नाही. व्याकरण सुधारून घ्या, पाल्हाळ कापून घ्या, मराठीत लिहिलेले इंग्रजीत करून घ्या. पण संदर्भ स्वतः उघडून वाचल्याशिवाय एकही घालू नका. आणि यंत्र सुरू करण्यापूर्वी आपला प्रश्न दोन ओळींत आपल्या भाषेत कागदावर लिहा, मग तो कागद घरातल्या किंवा वाड्यावरच्या कुठल्याही शहाण्या माणसाला वाचून दाखवा. तो जर म्हणाला, 'हे खरेच बघायला पाहिजे रे कोणीतरी', तर तुमच्याकडे प्रस्ताव आहे, इंग्रजी मागाहून कुठूनही येईल. आणि तो नुसताच 'छान, छान' म्हणाला, तर समजा की प्रश्न अजून मिळालेला नाही. तशा वेळी यंत्राकडे जाऊ नका, पुन्हा बांधावर जा.